नागराजाचा देह आणि प्रताप मुळीक यांचा हात

मराठी समीक्षेचा व्यवहार मुख्यतः शब्दाशी राहिला आहे. चित्राचा विचार ती करते तो कलासमीक्षा म्हणून, वेगळ्या दालनात. आणि ज्या निर्मितीत चित्र व शब्द एकमेकांवाचून उभेच राहू शकत नाहीत अशा चित्रकथेला दोन्ही दालनांत जागा मिळत नाही. बालवाङ्मयाच्या इतिहासात तिचा उल्लेख होतो तोही बहुधा विषयाच्या अंगाने. कोणत्या कथा सांगितल्या, त्या संस्कारक्षम होत्या की नव्हत्या, एवढ्यावर प्रकरण मिटते. रेषेविषयी कोणी बोलत नाही. परिणामी, एका अर्थाने अत्यंत विस्तृत वाचकवर्ग लाभलेला एक चित्रकार आपल्या वाङ्मयीन चर्चेत जवळजवळ अनुपस्थित आहे. हा चित्रकार म्हणजे पुण्याचे प्रताप मुळीक.

मुळीक यांचे काम दोन टोकांवरून ओळखता येते. एका टोकाला ‘अमर चित्र कथा’ मालिकेतील ‘शिवाजी’ हा अंक आहे. त्याची संहिता भा. रा. भागवत यांची, म्हणजे फास्टर फेणेच्या जनकाची. दुसऱ्या टोकाला १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने प्रसिद्ध केलेला ‘नागराज’ आहे. या हिंदी महानायकाची पहिली कथा परशुराम शर्मा यांनी लिहिली आणि त्याला देह दिला तो मुळीक यांनी. पुढे १९९५ च्या सुमारापर्यंत या मालिकेचे मुख्य चित्रकार म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. एकाच हाताने शिवाजी महाराज काढले आणि नागराजही काढला, ही गोष्ट केवळ चरित्रात्मक योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. या दोन कामांमधले अंतर चित्रकाराने कसे ओलांडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

येथे थोडा खाजगी उल्लेख अपरिहार्य आहे. प्रस्तुत लेखकाचे बालपण रायगड जिल्ह्यातील तळा या गावी गेले. गावाच्या डोक्यावर तळगड उभा आहे. पुरंदरच्या तहानंतर महाराजांकडे जे बारा किल्ले उरले त्यांत त्याची गणना होते, हे आम्हांला शाळेत अभिमानाने सांगितले जाई. इंदापूरच्या फाट्यावरून आत येणाऱ्या एस.टी.तून मुंबईचे चाकरमानी गणपतीला येत, तेव्हा त्यांच्या मुलांच्या पिशव्यांतून चित्रकथा येत. त्यांत ‘वेताळ’ असे, ‘अमर चित्र कथा’ असत आणि नंतर नागराजही येऊ लागला. ते अंक गावात फिरत राहत. कव्हर जाई, मग पहिले पान जाई, शेवटी मधली सोळा पाने उरत. चित्रकाराचे नाव ज्या पानावर छापलेले असे तेच पान आधी फाटे. त्यामुळे ‘शिवाजी’ आणि ‘नागराज’ यांचा चित्रकार एकच आहे हे कळायला मला विद्यापीठात यावे लागले. पण त्याआधीच कुठेतरी ते डोळ्यांना ठाऊक होते, असे आज वाटते. नागराज परका वाटला नव्हता. तो हिंदी बोलत होता, हिरवा होता, मनगटातून साप सोडत होता. तरीही त्याची उभे राहण्याची ढब ओळखीची होती.

ही ओळख कोठून आली? सोपे उत्तर असे की नागराज हा अमेरिकन महानायकाला चढवलेला देशी पोशाख आहे आणि पोशाख ओळखीचा म्हणून नायक ओळखीचा. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. मनगटातून सुटणारा सर्प पाहून १९६२ साली स्टीव्ह डिट्को यांनी रेखाटलेल्या स्पायडरमॅनच्या जाळ्याची आठवण न होणे अशक्य आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीवादाची कसोटी यांत्रिकपणे लावली तर नागराज पहिल्याच फेरीत बाद होईल. परंतु अशी कसोटी कथानकाला लागते, रेषेला लागत नाही. कथानक उसने असू शकते; हात उसना घेता येत नाही. तो ज्या परंपरेत वळणावर आला, तिचे वळण घेऊनच परक्या वस्तूला स्पर्श करतो.

मुळीक यांच्या हाताचे वळण समजून घ्यायचे तर ‘शिवाजी’पासून सुरुवात केली पाहिजे. महाराजांची मराठी मनातील प्रतिमा ही मूलतः स्थिर प्रतिमा आहे. सतराव्या शतकातील समकालीन चित्रे, वा. सी. बेंद्रे यांनी उजेडात आणलेले चित्र, पुढे धुरंधरांची शिवकालीन प्रसंगचित्रे आणि मग दिनदर्शिका, पाठ्यपुस्तके, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे या सर्वांतून एक चेहरा घडत गेला. तो जवळजवळ नेहमी एकाच ठेवणीत, बहुधा एकाच अंगाने दिसतो. जिरेटोप, नाकाची रेषा, दाढीचे टोक. ही चिन्हे एवढी पुरेशी आहेत की चेहरा न काढताही महाराज ओळखू येतात. चित्रकथेला मात्र असा चेहरा चालत नाही. बत्तीस पानांत शंभराहून अधिक चौकटी. त्यांत नायक समोरून दिसला पाहिजे, पाठमोरा दिसला पाहिजे, घोड्यावर, अंधारात, गर्दीत, वरून, खालून. तो बालक असला पाहिजे, तरुण असला पाहिजे, आणि प्रत्येक वेळी तोच असला पाहिजे. पूजेतल्या प्रतिमेला मान वळवायला लावणे हे साधे काम नव्हे. मान वळवली की ती प्रतिमा राहत नाही, पात्र होते. आणि पात्र फारच माणसासारखे झाले तर वाचकाचा भक्तिभाव दुखावतो. या कात्रीतून मुळीक वाट काढतात ती चेहऱ्यावर भर न देता देहाच्या तोलावर भर देऊन. त्यांचा नायक ओळखू येतो तो खांद्यांच्या रेषेवरून, पाय रोवण्याच्या पद्धतीवरून. चेहरा त्यांनी संयमाने, जवळजवळ संकोचाने वापरला आहे.

लेसिंगने १७६६ मध्ये ‘लाओकोऑन’मध्ये चित्र आणि काव्य यांची सीमा आखताना असे प्रतिपादन केले की चित्राला एकच क्षण उपलब्ध असतो, म्हणून त्याने असा क्षण निवडावा ज्यात मागचे आणि पुढचे दोन्ही सामावलेले असेल. दिनदर्शिकेवरील अफझलखानवध या नियमाचे चोख उदाहरण आहे. मिठी आणि घाव एकाच चौकटीत येतात. चित्रकथाकारापुढची अडचण उलट आहे. त्याला अनेक क्षण उपलब्ध आहेत, म्हणून कोणते काढायचे यापेक्षा कोणते वगळायचे हा त्याचा प्रश्न. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये चित्रकथेची जी मीमांसा मांडली तिचा गाभा हाच आहे. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत जे घडते ते वाचक घडवतो, आणि या माध्यमाची शक्ती त्या कोऱ्या जागेत आहे. बखरकार प्रसंग एका दमात सांगतो. त्याच्या वाक्याला जोड असतात, भेगा नसतात. ती बखर चौकटींत आणणे म्हणजे तिला भेगा पाडणे. भागवतांसारख्या चपळ गद्यलेखकाची संहिता आणि मुळीक यांचे चौकटीचे भान यांची भेट येथे फलदायी ठरते. दोघेही अलंकरणाच्या मोहात पडत नाहीत.

या परंपरेचे दुसरे अंग पौराणिक देहाचे. ‘राम’ हा अंकही मुळीक यांचाच. ‘अमर चित्र कथे’च्या एकूण दृश्यभाषेवर राजा रविवर्म्याच्या मुद्रित चित्रांचा ठसा आहे, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. महाराष्ट्रात त्या भाषेला दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी आपापले वळण दिले होते, आणि साठ-सत्तरच्या दशकांत हाती ब्रश घेणाऱ्या कोणत्याही मराठी कथाचित्रकाराच्या डोळ्यांपुढे हे दोघे असणे स्वाभाविक होते. या भाषेत देवाचा देह उघडा असतो, पण पिळदार नसतो. राम धनुष्य उचलतो ते दंडाच्या बळावर नव्हे. त्यामुळे दंड दाखवण्याची गरज नसते. अनुराधा कपूर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या मृदू रामाचे रूपांतर स्नायुबद्ध, आक्रमक योद्ध्यात कसे झाले याचा शोध घेतला आहे. ते रूपांतर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातले. नागराजाचा जन्म याच काळातला, आणि म्हणून त्याच्या देहाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे.

अमेरिकन महानायकाचा घट्ट पोशाख ही चित्रकाराची एक युक्ती आहे. पोशाखाच्या निमित्ताने तो नग्न मानवदेह काढतो आणि वर रंग देतो. जॅक कर्बी यांच्या रेखाटनात तर हा देह यंत्रासारखा होतो. मूठ वाचकाच्या अंगावर येते, मांडी खांबासारखी उभी राहते, शरीरशास्त्र मोडून केवळ जोर उरतो. नागराजालाही असाच बहाणा मिळालेला आहे. हिरवी, खवल्यांची त्वचा हाच त्याचा पोशाख. पण मुळीक यांनी या सवलतीचा कर्बींसारखा उपयोग केला नाही. त्यांचा नागराज सडपातळ नाही आणि फुगलेलाही नाही. तो तालमीतला देह आहे. जोर-बैठकांनी घडलेला, मांड घट्ट असलेला, छाती आहे पण ती दाखवण्यासाठी पुढे काढलेली नाही. तो मारामारीत सुद्धा तोल सोडत नाही. कुस्ती पाहिलेल्या माणसाला हा देह ओळखू येतो. त्यांच्यानंतर अनुपम सिन्हा यांनी नागराज हाती घेतला तेव्हा स्नायूंची घडण, चौकटी मोडणारी मांडणी, तिरपे कोन हे सर्व आले आणि मालिका अमेरिकन नमुन्याच्या अधिक जवळ गेली. सिन्हा यांची गती मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण मुळीक यांच्या नागराजाला जी भारदस्त स्थिरता होती, जणू एखाद्या पौराणिक पात्राला चुकून विमानतळावर उभे केले आहे, ती पुढे हरवली.

सर्पाचा विचार येथे स्वतंत्रपणे करावा लागेल, कारण माझ्या मते मुळीक यांची खरी कल्पकता त्यात आहे. अमेरिकन चित्रकथेत गती दाखवण्यासाठी रेघा ओढतात. हात फिरला की हवेत रेघ उमटते. ही रेघ केवळ संकेत आहे. कथेच्या जगात ती अस्तित्वात नसते. नागराजाच्या चौकटीत तीच रेघ सजीव होते. मनगटातून निघालेला साप ही गतीची रेषा आहे आणि त्याच वेळी ते कथेतले पात्रही आहे. तो दोर होतो, फास होतो, शत्रूच्या गळ्याला पडतो. चित्रकथेचे मूलद्रव्य रेषा आहे, आणि येथे नायकाचे शस्त्रच रेषा आहे. जाळ्याला तोंड नसते, डोळे नसतात, सापाला असतात. त्यामुळे डिट्कोंचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की वस्तू बदलल्याने तिचे व्याकरणही बदलले.

आशयाच्या अंगाने पाहता नागराजाची जन्मकथा अभ्यासाला अधिक योग्य आहे. उंबेर्तो इको यांनी १९६२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात सुपरमॅनविषयी दोन निरीक्षणे नोंदवली. एक, त्याला काळ नाही. प्रत्येक कथा मागचे पुसून नव्याने सुरू होते, कारण काळ आला की मृत्यू आला. दोन, एवढे सामर्थ्य असूनही तो व्यवस्थेला हात लावत नाही. चोर पकडतो, मालमत्ता राखतो. नागराज या दोन्ही अर्थांनी वेगळा सुरू होतो. तो मुळात शस्त्र आहे. प्रोफेसर नागमणीने दहशतवाद्यांना विकण्यासाठी घडवलेले, रक्तात पांढऱ्या पेशींऐवजी सूक्ष्म सर्प वाहणारे. त्याचे पहिले कृत्य पराज्ञेने घडते. मग बाबा गोरखनाथ त्याला त्या ताब्यातून सोडवतात आणि तो ज्यांच्यासाठी निर्माण झाला त्यांच्याविरुद्धच निघतो. १९८४ मध्ये पंतप्रधानांची हत्या झालेली, १९८५ मध्ये कनिष्क विमान स्फोटात नष्ट झालेले. १९८६ च्या वाचकाला दहशतवाद हा शब्द नवा नव्हता. म्हणजे येथे शत्रू काळातून येतो, आणि नायकही त्याच शत्रूच्या कारखान्यातून येतो. महानायकाच्या निरागसतेला गेलेला हा तडा मला महत्त्वाचा वाटतो. पुढे मालिका लांबली तसा तो बुजला, आणि इकोंचे निदान शेवटी नागराजालाही लागू पडले हेही खरे.

गोरखनाथांचे येणे मराठी वाचकाला आणखी एका कारणाने लक्षणीय वाटेल. ज्ञानदेवांची गुरुपरंपरा ज्यांच्याकडे जाते ते गोरक्षनाथ हेच; आणि सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीशीही लोकसमजूत त्यांचे नाव जोडते. संहिता हिंदीत लिहिली गेली. लेखकापुढे उत्तरेकडचे गोरखपंथी असणार. पण चित्रकाराला नाथजोगी कसा दिसतो हे कोणी सांगावे लागले नसेल. अशा ग्रहणाचे एक जुने उदाहरण आपल्याकडे आहेच. टाइम्स ऑफ इंडियाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने १९६४ पासून ली फॉक यांचा फँटम आणला आणि मराठीत त्याचे नाव ‘वेताळ’ झाले. कोकणात वेताळ हा गावाचा राखणदार आहे. रात्री सीमेवरून फिरतो, त्याच्या पायताणांची झीज होते म्हणून भाविक नवी पायताणे वाहतात. ज्या अनुवादकाने हे नाव योजले त्याने एका शब्दात परक्या नायकाला गावकीत घेतले. नागराजाच्या बाबतीत हे काम शब्दाने नव्हे, रेषेने केले.

या दोन टोकांच्या मध्ये ‘सुप्रीमो’ आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंडिया बुक हाउसने अमिताभ बच्चन यांना नायक करून काढलेली ही मालिका. पम्मी बक्षी यांचे संपादन, गुलजार यांचे साहाय्य, चित्रे मुळीक यांची. ती फार काळ टिकली नाही आणि आज तिचे मोल कुतूहलापुरते आहे. परंतु चित्रकाराच्या दृष्टीने ती मधली पायरी आहे. महाराजांचा चेहरा श्रद्धेने ठरवलेला होता, बच्चन यांचा छायाचित्राने. नागराजाचा चेहरा कोणीच ठरवलेला नव्हता. तो मुळीक यांना प्रथमच मोकळेपणाने काढता आला, आणि त्यांनी तो जवळजवळ भावशून्य काढला. हा दोष आहे, असे काही वाचक म्हणतात. मला ती सवय वाटते. ज्याने आयुष्यभर चेहऱ्याला जपून हात लावला, तो मोकळीक मिळाल्यावरही जपूनच राहतो.

मराठीत स्वतःचा महानायक का निर्माण झाला नाही, हा प्रश्न येथे उपस्थित होतोच. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांच्याकडे वेषांतर होते, दरारा होता, दीर्घायुषी मालिका होती. म्हणजे महानायकाची सामग्री आपल्याकडे शब्दांत तयार होती. चित्रकारही होते, मुळीक, राम वाईरकर, दिलीप कदम ही ‘अमर चित्र कथे’ची नावेच पाहावीत. या दोहोंना एकत्र आणणारा, दरमहा अंक काढणारा आणि तो एस.टी. स्टँडपर्यंत पोहोचवणारा मराठी प्रकाशक मिळाला नाही. हा अभाव प्रतिभेचा नसून व्यवसायाचा आहे. मराठी हात मुंबईच्या इंग्रजी प्रकाशनसंस्थेसाठी आणि दिल्लीच्या हिंदी प्रकाशनसंस्थेसाठी राबले, आणि मराठी वाचकाने आपल्याच माणसाचे काम अनुवादातून किंवा शेजारच्या भाषेतून वाचले.

आता कर्तेपणाचा प्रश्न. वाचक ‘अमर चित्र कथा’ अनंत पैंची म्हणतो आणि नागराज राज कॉमिक्सचा म्हणतो. अमेरिकेतही हेच घडले, पण तेथे भांडण झाले. सीगल आणि शुस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना दिले. त्यांची नावे पुन्हा छापली जाण्यासाठी १९७५ पर्यंत चळवळ करावी लागली. कर्बींना आपल्या हजारो मूळ पानांपैकी सुमारे २,००० पाने १९८७ मध्ये परत मिळाली, तीही जाहीर वादानंतर. कर्बींचा दावा अधिक बळकट होता, कारण मार्व्हलच्या पद्धतीत चित्रकार केवळ कथासूत्रावरून पाने रचत असे, संवाद मागाहून येत. मुळीक यांच्या हाती संहिता आधी येई. ‘अमर चित्र कथे’त तर संपादकाची नजर प्रत्येक चौकटीवर असे. म्हणून त्यांना लेखकाच्या अर्थाने कर्ते म्हणणे अतिव्याप्त ठरेल. आपल्याकडची बंदिश आणि गायक ही जोडी मला येथे अधिक उपयोगी वाटते. बंदिश दुसऱ्याची, ताल ठरलेला, तरीही बढत गायकाची. फरक इतकाच की संगीतात आपण बंदिशकाराला विसरतो आणि गायकाला लक्षात ठेवतो. चित्रकथेत गायकच विस्मृतीत जातो.

या उपमेलाही मर्यादा आहे. गायक एकटा गातो. नागराजाची पाने एकट्याची नाहीत. महिन्यामागून महिने एवढी पाने देताना सहायक आले, शाई भरणारे आले, आणि मालिकेच्या मधल्या अंकांत हात बदललेला डोळ्यांना जाणवतो. पार्श्वभूमी कोरडी होते, स्त्रीपात्रे एकाच साच्यातून निघतात, घाई दिसते. या दुर्बल पानांची जबाबदारी कोणाची, आणि बलवान पानांचे श्रेय कोणाचे? ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेले मुळीक यांचे ‘स्केचिंग’ हे पुस्तक या कामी साधन ठरू शकते, कारण त्यात त्यांची रेघ संहितेवाचून आणि शाई भरणाऱ्यावाचून दिसते. समोरच्या माणसाचा तोल दोन-तीन रेघांत पकडणारी ती रेघ एका बाजूला ठेवावी आणि नागराजाचे एकेक पान दुसऱ्या बाजूला. कोणत्या चौकटीत खांद्याची रेषा त्याच हाताची आहे आणि कोणत्या चौकटीत नाही, हे अंकागणिक नोंदवावे लागेल. त्यासाठी अंक हवेत, आणि तेही पहिल्या पानासह. तळ्याच्या ज्या घरात ते मी वाचले तेथे आता मधली काही पानेच शिल्लक आहेत.